आठ वर्षांच्या मुलाला 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' खेळू द्यावा का?

रानजाई

गेल्या आठवड्यात माझा भाऊ आइंडहोवनहून आला आणि भाच्यासाठी निन्टेन्डोचा स्विच लाइट, म्हणजे हातात धरून गेम खेळायचं यंत्र, घेऊन आला. सोबत एकच गेम, 'द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड'. लेकाला आठ पूर्ण झालीत. तिसरीत आहे, मराठी शाळेत.

डबी हातात घेतली तर कोपऱ्यात मोठा १२ चा आकडा. भाऊ म्हणाला, "ताई, युरोपात जरा जास्तच जपतात. अमेरिकेत हाच गेम १० च्या पुढे आहे." मी म्हटलं, अरे, तुझा भाचा आठ वर्षांचा आहे, दहाचासुद्धा नाही! तेव्हापासून ते सगळं माझ्या कपाटात साड्यांमागे आहे आणि लेक रोज शाळेतून आला की पहिला प्रश्न तोच विचारतो.

माझ्या काळज्या सांगते. एक म्हणजे मारामारी. दुसरी भीती. हा मुलगा दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या देखाव्यातला हलता राक्षस पाहून आठवडाभर आमच्या दोघांच्या मध्ये झोपला होता. तिसरी, सासूबाई माळकरी आहेत. 'यात हरणाला बाण मारता येतो' असं भावाच्या तोंडून निघून गेलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आणि चौथी सगळ्यांना असते तीच, की एकदा हातात दिल्यावर परत घेता येईल का.

मी आयुष्यात एकही व्हिडिओ गेम खेळलेले नाही. 'प्रत्येक मूल वेगळं असतं' हे मलाही कळतं, पण तुमच्या घरात प्रत्यक्ष काय झालं ते सांगा.

खडीसाखर

कपाटातून काढण्याआधी फोनवर निन्टेन्डोचं पेरेंटल कंट्रोल्स ॲप घे, फुकट आहे. रोज किती वेळ, रात्री किती वाजेपर्यंत, सगळं ठरवता येतं. वेळ संपल्यावर नुसती सूचना द्यायची की गेम तिथेच थांबवायचा, हेही निवडता येतं. पिन मुलाच्या वाढदिवसाची तारीख ठेवू नकोस.

दर्यावर्दी

सिएटलहून लिहितोय. मुलगी साडेआठची असताना आमच्याकडे हाच गेम सुरू झाला, आता ती अकराची आहे. पहिले काही महिने मी शेजारी बसून जवळजवळ सगळं पाहिलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मारामारी आहे आणि ती भरपूर आहे. डुकराच्या नाकाचे बोकोब्लिन नावाचे राक्षस टोळ्या करून बसलेले असतात. त्यांना काठी, तलवार, बाण, बॉम्ब, काहीही मारता येतं. मेले की काळा धूर होऊन नाहीसे होतात. रक्त नाही, तुटलेले हातपाय नाहीत. लिंक, म्हणजे आपला नायक, मेला की पडदा काळोखा होतो आणि थोडं मागून पुन्हा सुरू. बऱ्याच ठिकाणी लढाई टाळून वळसा घालून जाता येतं. आमची लेक पहिले दोन महिने जवळजवळ लढलीच नाही. झाडावर चढायचं, सफरचंदं काढायची, डोंगरावरून पॅराग्लायडरने उडी मारायची, घोडा पकडायचा, एवढंच चाललं होतं.

अमेरिकेच्या डबीवर ईएसआरबीचा, म्हणजे तिथल्या वयशिक्के देणाऱ्या संस्थेचा, १० वर्षांपुढचा शिक्का आहे आणि खाली कारणं दिली आहेत: काल्पनिक हिंसा, मद्याचा वापर, सौम्य सूचक प्रसंग. मद्य म्हणजे वाळवंटातल्या एका शहरात मद्यालय आहे. सूचक म्हणजे झऱ्यात राहणारी एक भलीमोठी परी कपडे मजबूत करून देते, तेव्हा जरा लाडात येते. आमच्या मुलीला ती परी फक्त विनोदी वाटली.

भीतीचं मात्र तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. त्यावर शिक्क्यांमध्ये पुरेसं लिहिलेलं नसतं. दोन गोष्टींना ती घाबरली. एक रक्तचंद्र. ठरावीक काळाने मध्यरात्री चंद्र लाल होतो, हवेत ठिणग्या उडतात, संगीत बदलतं आणि मारलेले सगळे राक्षस परत जिवंत होतात. दुसरा गार्डियन, कोळ्यासारखे पाय असलेलं यंत्र. त्याचा लाल किरण अंगावर आला की पियानोची जी धून सुरू होते तिने माझ्याही पोटात गोळा यायचा.

एकांडा_शिलेदार

माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते कोणाला आवडणार नाही. आठ वर्षांच्या मुलाला कुठलाच गेम कशाला हवा? मामाने प्रेमाने आणला हे मान्य. पण आठ वर्षं म्हणजे गुडघे फुटायचं वय. माझा पुतण्या अकरा वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी 'रोज अर्धाच तास' म्हणून सुरुवात झाली होती. आज जेवताना त्याच्याशी बोलायचं तर दोनदा हाक मारावी लागते. पूर्वी तो माझ्याबरोबर पहाटे पोहायला यायचा. ते बंद झालं याचं मला रोज वाईट वाटतं. रक्त दिसत नाही म्हणून खेळ निरुपद्रवी ठरत नाही.

खडीसाखर

@एकांडा_शिलेदार, पुतण्या कोणता गेम खेळतो? स्विचवरचा की फोनवरचा?

एकांडा_शिलेदार

फोनवरचा. मित्रांबरोबरचा, बंदुकांचा.

लिंबूटिंबू

मी बावीस वर्षांचा आहे, झेल्डा नऊ वर्षांचा असल्यापासून खेळतो, त्यामुळे थोडं जास्त लिहिणार. माफी असावी.

आधी एक: झेल्डा राजकन्येचं नाव आहे. आपण खेळतो तो लिंक. घरात हे चुकीचं बोललात तर मुलगा तुम्हाला दुरुस्त करेल, तयारीत राहा :)

आता तो १२ चा आकडा. तो पेगीचा, युरोपातल्या वयशिक्क्यांच्या पद्धतीचा. पेगीकडे ३, ७, १२, १६, १८ असेच टप्पे आहेत, मध्ये दहा नाहीच. मारामारी बालिश आणि अगदी अवास्तव असेल तर ७. काल्पनिक प्राण्यांवरची पण जरा ठसठशीत, किंवा माणसासारख्या दिसणाऱ्यांवरची पण खरी न वाटणारी असेल तर १२. अमेरिकेच्या ईएसआरबीकडे मधली १० पुढची पायरी आहे, म्हणून एकाच गेमवर दोन आकडे दिसतात. तुमचा भाऊ म्हणतो तसं 'युरोप जास्त जपतं' एवढंच ते नाही. दोन्हीकडच्या फूटपट्ट्यांवर रेघा वेगळ्या ठिकाणी आहेत.

दुसरं जास्त महत्त्वाचं. हे शिक्के आत काय दाखवलंय ते सांगतात. गेम अवघड आहे का, मुलाला वाचता येईल का, हे सांगत नाहीत. आणि ब्रेथ ऑफ द वाइल्ड अवघड आहे. त्यात 'सोपा' असा पर्याय नाही. सुरुवातीच्या पठारावरच एक बर्फाचा डोंगर आहे, तिथे गरम कपडे नाहीतर तिखट मिरच्या घालून शिजवलेलं जेवण नसेल तर लिंक गारठून मरतो. हत्यारं वापरून वापरून मोडतात. आठ वर्षांच्या मुलाला राक्षसापेक्षा 'माझी आवडती तलवार मोडली' याचं रडू आधी येईल.

@एकांडा_शिलेदार काका, तुमच्या पुतण्याबद्दल वाईट वाटलं. पण ऑनलाइन सामना मध्येच सोडता येत नाही, सोडला तर संघ हरतो, मित्र ओरडतात. इथे समोर कोणीही माणूस नसतो. बटण दाबलं की स्विच झोपतो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उठतो. 'आई, पाच मिनिटं, सेव्ह करतो' ही सबब या गेममध्ये चालत नाही. मी स्वतः ती सांगायचो, म्हणून ठामपणे सांगतो.

रानजाई

@लिंबूटिंबू, ही शेवटची माहिती सोन्यासारखी आहे. आभार. आणि @दर्यावर्दी, गार्डियनचं वाचून मीच घाबरले.

वाचण्याचं कोणी सांगेल का? लेकाला इंग्रजी अक्षरं जोडून वाचता येतं, पण सावकाश.

पिंपळपान

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आणि माझ्या नववीतल्या मुलाने हा गेम संपवला आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगू शकते. यातली बहुतेक संभाषणं पडद्यावर अक्षरांत येतात. आवाजात बोललेले प्रसंग मोजके आहेत. मराठी नाही, हिंदीही नाही. गावातला म्हातारा 'नदीच्या पलीकडे दोन डोंगरांमध्ये जा' असं सांगतो ते वाचता आलं नाही तर मूल नुसतं भटकत राहतं. भटकण्यातही मजा आहे, पण थोड्या दिवसांनी चिडचिड सुरू होते.

तिसरीतल्या मुलाला हे एकट्याला झेपणार नाही. शेजारी बसून कोणीतरी वाचायला हवं. आमच्याकडे मोठ्या मुलाने धाकट्या चुलतभावाला वाचून दाखवलं आणि त्याने एक वही केली. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला स्वतः काढलेलं चित्र. मशरूमचे दहा प्रकार आहेत त्या वहीत. गेमने इंग्रजी सुधारतं असा दावा मी करणार नाही. त्या मुलाला तो शब्द हवा होता, म्हणून तो लक्षात राहिला, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

निंबोणी

मी बालरोगतज्ज्ञ आहे, सांगलीत. वैद्यकीय बाजूचं लिहिते.

वेळ: भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखाली स्क्रीन नको, २ ते ५ वयात जास्तीत जास्त एक तास आणि ५ ते १० वयात दोन तासांच्या आत. हे दोन तास सगळ्या स्क्रीनचे मिळून आहेत. टीव्ही, आईचा फोन, शाळेचे व्हिडिओ, सगळं त्यात आलं. म्हणजे गेमच्या वाट्याला शाळेच्या दिवशी अर्धा-पाऊण तासच येतो.

डोळे: स्विच लाइटचा पडदा साडेपाच इंचांचा. मुलं तो नाकाजवळ धरतात. टेबलावर कोपर टेकवून, हात पुढे करून, उजेडात खेळू दे. पांघरुणात नको. चष्म्याचा उणे नंबर वाढू नये म्हणून रोज बाहेरच्या उजेडात घालवलेला वेळ सर्वांत उपयोगी आहे. @एकांडा_शिलेदार यांचा पोहण्याचा मुद्दा म्हणूनच मला फार मोलाचा वाटतो.

झटके: घरात कोणाला फिट्स येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये टीव्हीवर पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळे झगमगाट इतक्या वेगाने दाखवले गेले की सहाशेंहून जास्त मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. असा त्रास होणारी मुलं फार थोडी असतात, पण आई-बापांना आधी माहीत असावं.

व्यसन: जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, ती आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण त्याची खूण 'रोज खेळायला मागतो' ही नव्हे. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणं, नुकसान होतंय हे दिसूनही न थांबणं, आणि हे साधारण बारा महिने चालू राहणं. माझ्याकडे येणारे आई-वडील यादीतला शब्द ऐकून घाबरतात, म्हणून एवढं लिहिलं. झोप, जेवण, शाळा आणि मित्र या चार जागी फरक पडतोय का ते पाहा.

उंबरठा

पैशांचं कोणी बोललं नाही म्हणून मी बोलते. माझ्या मुलाने फोनवरच्या एका गेममध्ये नाण्यांच्या पेट्या घेण्यात माझ्या खात्यातले साडेनऊ हजार घालवले. तो नऊ वर्षांचा होता. त्याला ते पैसे आहेत हे कळलंच नव्हतं. बँकेचा संदेश आला तेव्हा मी कामावर होते. त्या रात्री तो इतका रडला की मला रागावताही आलं नाही. आमच्या घरात त्यानंतर वर्षभर 'गेम' हा शब्द उच्चारला की सगळे गप्प व्हायचे.

म्हणून विचारते, या गेममध्ये असलं काही आहे का?

लिंबूटिंबू

नाही. कार्ड विकत घेतलं की गेम पूर्ण तुमचा. नाण्यांच्या पेट्या नाहीत, जाहिराती नाहीत. आतले रुपी, होय, त्यांच्या नाण्यांना रुपीच म्हणतात, ते गवत कापून, खनिजं विकून मिळवायचे. वेगळं विकत घेता येतं ते एक विस्तार-पॅक, तो नसला तरी काही अडत नाही. फक्त निन्टेन्डोच्या दुकानात आपलं बँक कार्ड जतन करून ठेवू नका, आणि निन्टेन्डो खात्याच्या सेटिंग्जमधून मुलाची खरेदी बंद करा.

जपानवारी

योकोहामाहून. इथे या गेमला सेरोचा, म्हणजे जपानच्या वयशिक्के देणाऱ्या संस्थेचा, 'बी' शिक्का आहे, म्हणजे १२ पासून पुढे. ('ए' सर्वांसाठी, मग बी, सी, डी, आणि शेवटी झेड.) पण आमच्या गल्लीतली प्राथमिक शाळेतली मुलं तो सर्रास खेळतात, आई-वडिलांना माहीत असताना. शिक्का वाचतात, मग आपलं मूल बघतात.

एक सांगण्यासारखं आहे. झेल्डाचे जनक शिगेरू मियामोतो क्योटोजवळच्या सोनोबे गावात वाढले. लहानपणी डोंगरांत भटकताना त्यांना एक गुहा सापडली. आधी आत जायचं धाडस झालं नाही, मग कंदील घेऊन आत गेले. १९८६ मधल्या पहिल्या झेल्डामागे तीच आठवण आहे असं त्यांनी सांगितलं आहे. मला हा गेम त्यामुळेच आवडतो. इथे कोणी 'इकडे जा' असा बाण दाखवून ढकलत नाही. दूर धूर दिसला की वाटलं तर जायचं.

चिमणचारा

घाबरणाऱ्या मुलाला सरळ पोकेमॉन द्या ना! गोड प्राणी, कोणी मरत नाही, फक्त 'बेशुद्ध' पडतात.

लिंबूटिंबू

पोकेमॉन सोपा आहे आणि मलाही आवडतो. पण 'गोड म्हणजे निर्धास्त' असं समजू नका. जुन्या पोकेमॉन गेम्समध्ये नाणी टाकून खेळायची जुगाराची यंत्रं होती. हार्टगोल्ड आणि सोलसिल्व्हरच्या जपानबाहेरच्या आवृत्तीत ती काढून त्याजागी कोडं घातलं. आता तर २०२० पासून जुगार शिकवणाऱ्या नव्या गेमला पेगी थेट १८ देतं.

झेल्डातलंच हलकं हवं असेल तर 'लिंक्स अवेकनिंग' (स्विचवर २०१९) किंवा 'एकोज ऑफ विज्डम' (२०२४). दोन्हींना पेगी ७ आहे. दुसऱ्यात तर झेल्डा स्वतः नायिका आहे आणि बहुतेक वेळा ती स्वतः तलवार चालवत नाही, पाहिलेल्या वस्तूंच्या आणि राक्षसांच्या प्रती बनवून काम काढते. घाबरणाऱ्या मुलासाठी मी हाच आधी सुचवेन.

मोरपीस

थोडं अवांतर. या गेममध्ये वाळवंटात गेरूडो नावाचं शहर आहे, तिथे पुरुषांना प्रवेश नाही, म्हणून लिंक बायकांचे कपडे घालून आत जातो. आमच्या नवऱ्याला ते खटकलं. 'मुलाला हे काय शिकवताय' म्हणाला. तुमच्याकडे असा प्रश्न आला का?

नातवाचे_आजोबा

अहो, आम्ही दशावतार बघत मोठे झालो. पहाटेपर्यंत जागायचो. पुरुषच राधा व्हायचा, पुरुषच द्रौपदी. सगळा गाव डोळे पुसायचा. अर्जुन विराटाकडे बृहन्नडा होऊन राहिलाच की. तुमच्या यजमानांना सांगा, ही फार जुनी वाट आहे.

मूळ प्रश्नावर: माझा नातू पुण्यात आहे, मी कुडाळात. त्याच्याकडे हाच गेम आहे. रविवारी तो मला व्हिडिओ कॉलवर आठवडाभरात काय झालं ते सांगतो. मला पडद्यावरचं फारसं दिसत नाही, मी फक्त ऐकतो. 'आजोबा, काल वीज पडत होती आणि माझ्या पाठीवर लोखंडाची ढाल होती, मग मी ती पटकन काढली.' मी विचारलं, का रे? म्हणाला, लोखंडावर वीज पडते. मग मी त्याला आमच्या शेतातल्या माडावर पडलेल्या विजेची हकीकत सांगितली. आमचं बोलणं पूर्वी 'जेवलास का, अभ्यास झाला का' एवढंच असायचं.

आणि भीतीचं म्हणाल तर आम्हाला आजीने वेताळ, हडळ, मानकाप्या सगळे सांगितले. फरक एवढाच की आम्ही ते ऐकताना आजीच्या मांडीवर होतो.

पिंपळपान

आजोबा, मांडीवर होतो हे अगदी पटलं.

एकांडा_शिलेदार

आजोबांचा प्रतिसाद वाचून मी थोडा विचारात पडलो. पुतण्या फोनवर काय खेळतो, त्यात पुढे काय झालं, हे मी त्याला कधी विचारलेलं नाही. ओरडलो आहे पुष्कळदा. मत बदललेलं नाही, आठ हे वय मला लहानच वाटतं. पण या रविवारी विचारून बघतो.

उंबरठा

विचारा नक्की. आमच्याकडेही तिथूनच बोलणं परत सुरू झालं.

रानजाई

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले, एकदा नवऱ्यालाही वाचून दाखवले. शनिवारी साड्यांमागून काढलं. ठरवलं ते असं: शनिवार-रविवार पाऊण तास, मधल्या वारी नाही. दिवाणखान्यातच. पहिले काही दिवस आमच्यापैकी एक जण शेजारी. ॲप लावलं.

सासूबाईंचं काय झालं ते सांगते, कारण मला त्याचीच जास्त धास्ती होती. लेक पहिल्याच दिवशी म्हणाला, आजी, मी हरणाला मारणार नाही, तू बस. सफरचंदं आणि मशरूम गोळा करून त्याने कढईत टाकली, ती कढईत उड्या मारू लागली, गाणं वाजलं आणि सासूबाई हसल्या. आता 'आज काय शिजवलंस' ही त्यांची ठरलेली चौकशी आहे. @दर्यावर्दी, मांस न घेता पूर्ण गेम होतो का?

दर्यावर्दी

होतो. फळं, मशरूम, भाज्या यांवर जीव भरतो. थंडीसाठी तिखट मिरच्या आहेतच. राक्षसांशी लढावं मात्र लागतं, ते आजींना आधीच सांगा.

रानजाई

सांगितलं. म्हणाल्या, राक्षसांचं चालेल, ते देवांनीही मारले.

पण सगळंच गोड झालं नाही, तेही लिहिते. दुसऱ्या रविवारी मी स्वयंपाकघरात होते. पाचच मिनिटं. पठारावर एक पडकी जागा आहे, तिथे मोडका गार्डियन बसलेला असतो. लेकाला वाटलं तो मेलेला आहे. जवळ गेला आणि तो जागा झाला. किंचाळी ऐकून मी धावत गेले तर याने स्विच सोफ्यावर फेकलेला आणि स्वतः पडद्याआड. रात्री दोनदा उठला. मी स्वतःला बोल लावला की पाच मिनिटं का गेले. पुढचे दोन शनिवार त्याने गेम मागितलाच नाही, मीही काढला नाही.

निंबोणी

असं होणं वाईट लक्षण नाही. जबरदस्तीने 'बघ, काही नाही' म्हणून परत दाखवू नकोस. त्याला त्या यंत्राचं चित्र काढायला सांग, दिवसा. आणि आवाज बंद करून खेळता येतं हे त्याला शिकव. मुलांना बऱ्याचदा चित्रापेक्षा आवाजाची भीती जास्त बसते.

लिंबूटिंबू

आवाज बंद करण्याला दहा गुण. मी गार्डियनसमोर अजूनही तेच करतो.

चिमणचारा

दोन मुलं आणि एकच स्विच असेल तर वेळ वेगवेगळा लावता येतो का? आणि धाकटी अडीच वर्षांची आहे, सगळं तोंडात घालते.

खडीसाखर

आमच्याकडे ॲपमधली मर्यादा पूर्ण यंत्राला लागते, मुलागणिक नाही. आम्ही भिंतीवर साधं घड्याळ आणि पाटीवर नावं लिहितो. प्रत्येकाचं प्रोफाइल मात्र वेगळं कर, म्हणजे एकाचा खेळ दुसरा पुसत नाही.

आणि धाकटीसाठी: गेमच्या कार्डाला मुद्दाम अतिशय कडू लेप दिलेला असतो, कोणी गिळू नये म्हणून. तरी उंचावरच ठेव, कार्ड टपाल तिकिटाएवढं असतं.

रानजाई

महिन्याने परत आले. कोणी वाचत असेल तर.

चित्र काढलं. एक नाही, सात. शेवटच्या चित्रात गार्डियनला मिशा आहेत. मग एका शनिवारी स्वतःच म्हणाला, आई, लाव, पण तू शेजारी बस आणि आवाज बंद. आवाज बंद करून तीन वेळा खेळला, चौथ्या वेळी अगदी बारीक आवाज स्वतः सुरू केला.

@जपानवारी, तुमची गुहेची गोष्ट मी त्याला झोपताना सांगितली. दुसऱ्या दिवशी त्याला गुहेत जायचं होतं. आम्ही नाशिकचे, त्यामुळे पांडवलेणी हाकेच्या अंतरावर. पावसाळी दिवस होता. विजेरी घेऊन पायऱ्या चढलो, वर चोवीस लेणी आहेत, त्यातल्या निम्म्यांत त्याने विजेरी मारून पाहिलं. येताना पाऊस आला तर मला हाताला धरून थांबवलं, "आई, ओल्या दगडावरून हात निसटतो, पाऊस थांबू दे." गेममध्ये तसंच आहे म्हणे. आडोशाला वीस मिनिटं उभे राहिलो.

वयाबद्दल माझं आजचं मत: १२ चा आकडा बरोबर आहे, असं मला आता वाटतं. एकट्याने खेळायचा असेल तर बारा. शेजारी कोणी बसणार असेल तर आठलाही जमला, आमच्या मुलाला, आणि तोही मधून मधून अडखळत. पुढचा भाग, 'टिअर्स ऑफ द किंगडम', भावाने पाठवू का विचारलं. त्यात जमिनीतून काळपट-लाल हात उगवतात आणि पकडतात असं भावानेच सांगितलं. नको म्हटलं, अजून दोन वर्षं तरी.

गार्डियनजवळ तो अजूनही जात नाही. लांबून दिसला की डोंगराला वळसा घालतो, त्यात कधी कधी पाऊण तास संपून जातो. मी 'जा' म्हणत नाही.